भरती-ओहोटीच्या वाटेनें

विद्यार्थिमित्रांनो, सन २०२३ च्या जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां इयत्ता नववीच्या वर्गावर इतिहास व भूगोल शिकवावयास दुसरे गुरुजी आले, आणि ते कां आले याविषयीं पुष्कळ तर्क लढविण्यांत आले असें आमच्या कानावर आहे. कोणी म्हणाले आम्ही आजारी आहों. कोणी म्हणाले आमची बदली झाली. खरी हकीकत इतकीच कीं, शाळेच्या चालकांनीं कृपा करून आमची सांठलेली रजा एकदम मंजूर केली, आणि आम्ही उभयतां पतिपत्नी कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका वृद्ध जोडप्याच्या मोटरबोटींतून सुमारें तीन आठवडे समुद्रावर राहून आलों. परत आल्यापासून वर्गांत त्याविषयीं इतके प्रश्न होतात कीं, धडा बाजूला राहतो. म्हणून संपादकांनीं लेख मागतांच सर्व उत्तरें एकदांच लिहून टाकण्याचें आम्हीं ठरविलें.

प्रथम नकाशा उघडावा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतापुढें, किनाऱ्याला समांतर असें व्हँकूव्हर नांवाचें सुमारें साडेचारशें किलोमीटर लांबीचें बेट दिसेल. तें बेट व मुख्य भूमि यांच्यामध्यें जो समुद्र आहे त्यांत लहानमोठ्या बेटांची अशी दाटी आहे कीं, शाईचा टांक झटकला असावा असें वाटतें. आणि ही बेटांची रांग उत्तरेस थेट अलास्कापर्यंत जाते. हिमयुगांत हिमनद्यांनीं येथील डोंगर कोरून खोल दऱ्या केल्या, व बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांत समुद्र शिरला. आपल्या कोंकणांतील खाडी म्हणजे नदीच्या मुखाशीं मंदावलेलें पाणी, दोहों बाजूंस चिखल व तिवरांचीं झाडें. तिकडील खाडी म्हणजे सह्याद्रीच्या दोन कड्यांमधील दरीच गळ्यापर्यंत पाण्यानें भरली आहे असें समजावें. कांठावरील झाडाच्या फांदीस हात लागेल इतकें जवळ गेलें तरी नौकेखालीं शेंकडों फूट खोली असते. बाहेरच्या महासागराच्या लाटा बेटें अंगावर घेतात, व आंतल्या शांत वाटेनें लहानशी नौकाहि शेंकडों मैल जाऊं शकते. या वाटेस तिकडे ‘इनसाइड पॅसेज’ म्हणजे ‘आंतली वाट’ असेंच म्हणतात.

आतां आमच्या यजमानांविषयीं. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या पत्नीचें बहात्तर. बाईंचे वडील आमच्या जिल्ह्यांतील एका मिशन दवाखान्यांत डॉक्टर होते, व बाईंच्या आयुष्याचीं पहिलीं सहा वर्षें येथेंच गेलीं. सन २०१८ च्या हिंवाळ्यांत आपलें जन्मस्थान पाहावयास त्या आल्या तेव्हां आमच्या घरीं चार दिवस उतरल्या होत्या. मराठीचे त्यांस आतां पांचपन्नास शब्द येतात, पण ते सारे सहा वर्षांच्या मुलीचे: ‘पाणी दे’, ‘पडशील’, ‘अगोबाई’, ‘चल लवकर’. आमच्या पत्नीनें त्यांस पहिल्याच दिवसापासून ‘मावशी’ म्हणावयास आरंभ केला, व तें त्यांस फार आवडलें.

यजमान जन्मभर पूल बांधणारे इंजिनियर. एकतीस उन्हाळे हें जोडपें या किनाऱ्यावर हिंडत आलें. त्या साऱ्या वर्षांत सुकाणूवर यजमान आणि नाळेवर दोर घेऊन बाई, ही वांटणी ठरलेली. परंतु दोन वर्षांपासून यजमानांची दृष्टि मधोमध मंद होत चालली. कडेचें दिसे, समोरचें दिसेना. मुलांनीं नौका विकून टाका असें सुचविलें. बाईंनीं मुलांशीं वाद घातला नाहीं. हिंवाळाभर नौकानयनाच्या वर्गास जाऊन, तिशीच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून, त्यांनीं परीक्षा दिली, आणि यंदा तांडेल आपण व्हावयाचें असें जाहीर केलें. दोर ओढावयास दोन तरुण माणसें हवींत म्हणून पत्र आमच्याकडे आलें. चाळिशी उलटलेल्यांस तरुण म्हणणारें पत्र कोणास नको होईल?

नौका बत्तीस फुटांची, डिझेलवर चालणारी, वेग तासास सात सागरी मैल. म्हणजे चांगल्या सायकलस्वारानें तिला सहज मागें टाकावें. पुढच्या भागांत यजमानांचें निजावयाचें स्थान. मधल्या खोलींत सुकाणू, चूल, टेबल व दोन बांक. रात्रीं तें टेबल खालीं उतरवून त्यावर गादी घातली कीं आमची शेज तयार. भिंतीवरील फळीस पुढें एक पट्टी ठोकलेली, ती पुस्तकें लाटेनें पडूं नयेत म्हणून. त्या फळीवर सन १९६१ मध्यें प्रसिद्ध झालेलें मिसेस ब्लँचेट या बाईंचें ‘द कर्व्ह ऑफ टाइम’ हें पुस्तक होतें. ही विधवा स्त्री आपल्या मुलांस घेऊन, पंचवीस फुटांच्या नौकेंतून, शंभर वर्षांपूर्वींच्या सुमारास याच पाण्यांत उन्हाळे घालवीत असे. आमच्या मावशींनीं तें पुस्तक इतक्यांदा वाचलें होतें कीं, त्याची बांधणी दोऱ्यानें आवळून ठेवावी लागे.

नौकेवर गोडें पाणी मोजून वापरावयाचें, कोणतीहि वस्तु वापरल्याबरोबर जागेवर ठेवावयाची, व तांडेलानें सांगितलेलें काम आधीं करून मग शंका विचारावयाची, असे तीन नियम होते. तिसरा नियम आमच्या वर्गांतहि लागू करावा असें मनांत येऊन गेलें. पत्नीनें घरून आमसुलें नेलीं होतीं. रोज संध्याकाळीं गळाला लागलेल्या माशाचें तांबडें कालवण आणि भात होई, आणि यजमान तें भुरके मारून खात. उन्हाळ्यांत त्या अक्षांशावर रात्रीं साडेनऊपर्यंत उजेड असतो; त्यामुळें जेवण झाल्यावरहि दिवस उरे, व निजावयाची आठवण घड्याळानें करून द्यावी लागे.

या प्रवासाचा खरा मालक मात्र सूर्य नव्हे, चंद्र. तेथें पाणी पाहून निघावें लागतें. आमच्या पत्नीचें बालपण हर्णै बंदराजवळ गेलें; तिचे वडील त्या भागांत शिक्षक, व शेजारीं कोळ्यांची वस्ती. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब तिला पाढ्यांबरोबरच पाठ झालेला आहे: तिथीची पाऊणपट करावी, जें येईल तितके वाजतां भरती पुरी. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ. कोष्टक नको, यंत्र नको. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां डोक्यावर येतो, म्हणून भरतीहि रोज तितकी मागें पडते. त्या गोष्टीचें पाऊण तासांत बसविलेलें हें सूत्र होय. आम्ही घांटावरचे, आमच्या गांवची नदी उन्हाळ्यांत कोरडी असते. त्यामुळें हा हिशेब ऐकून आम्हांस दर वेळीं नवल वाटतें.

बावीस जूनला आम्ही डेसोलेशन साउंड नांवाच्या खाडींत नांगर टाकून होतों. त्या दिवशीं आषाढ शुद्ध चतुर्थी होती. पत्नीनें यजमानांस हें सूत्र समजावून दिलें. त्यांनीं कौतुकानें ऐकून घेतलें व सरकारी कोष्टक भिंगाखालीं धरून उघडलें. तीन वाजतां भरती? तेथें त्या वेळेस भरतीचें नांवहि नव्हतें. शिवाय दिवसाच्या दोन ओहोट्या मुळींच सारख्या नाहींत. एकींत पाणी दोन पुरुष खालीं जाई, तर दुसरींत हातभर उतरून पुन्हां चढूं लागे. चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस सरकला म्हणजे एकाच स्थळाच्या दोन भरत्यांत फरक पडतो. आपल्याकडेहि तो पडतो, परंतु तिकडील अरुंद समुद्राच्या आकारामुळें तो फारच वाढतो. त्यांतच व्हँकूव्हर बेटास वळसा घालून भरती दोन्ही टोंकांकडून आंत शिरते, आणि दोन्ही पाणी या डेसोलेशन साउंडच्या आसपास एकमेकांस भेटतात. मधलें पाणी तेथल्या तेथेंच राहतें व उन्हानें तापतें. म्हणून त्या थंड प्रदेशांतहि उन्हाळ्यांत तेथें सुखानें पोहतां येतें.

पत्नी एवढ्यानें हार जाणारी नव्हे. ती म्हणाली, “काका, चंद्र तर तोच आहे. प्रत्येक बंदराचा आरंभाचा आंकडा निराळा असेल, तो मी काढीन.” तिनें एका काठीवर खुणा केल्या, व त्या दिवसापासून प्रत्येक मुक्कामीं ती लहान होडींतून कांठावर जाऊन काठी खडकापाशीं रोंवी आणि वहींत वेळा टिपून ठेवी. यजमानांस कोष्टकांतील बारीक अक्षर दिसत नसे. काठीवरच्या खुणा ते बोटांनीं चांचपून सांगत. दोघांचें फार जमलें.

डेसोलेशन म्हणजे उजाडपणा. हें नांव कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर यानें सन १७९२ च्या जून महिन्यांत ठेविलें. त्या दिवसांत पाऊस, ढग व काळीं अरण्यें यांशिवाय त्यास कांहीं दिसलें नाहीं. मासेहि फारसे मिळाले नाहींत. त्याच वेळीं गालियानो व वाल्देस या दोघां स्पॅनिश कप्तानांचीं दोन लहान गलबतें तेथें आलीं होतीं, व युरोपांत ज्यांचे राजे एकमेकांकडे संशयानें पाहत त्यांच्या या चाकरांनीं येथें मिळून मोजणी केली. आम्हीं पाहिली ती जागा अशी: हिरवें काळसर पाणी, त्यांत उलटे पडलेले बर्फाचे डोंगर, खडकांवर कालवांचे थर, आणि जागोजागीं नांगरलेल्या नौकांवर वाळत घातलेले कपडे. आकाश निवळलें असतें तर बिचाऱ्या कप्तानानें काय नांव ठेविलें असतें, कोण जाणे.

तेथून आम्ही कॅम्पबेल रिव्हर या गांवीं तेल भरावयास गेलों, व सव्वीस जूनला सेमूर नॅरोज ही अरुंद सामुद्रधुनी ओलांडली. हा दिवस मावशींनीं तीन महिने आधीं निवडून ठेविला होता. कारण त्या दिवशीं चंद्र अर्धा, म्हणजे भांगाचे दिवस. उधाणाच्या वेळीं येथें पाणी तासास पंधरा-सोळा सागरी मैलांपर्यंत धांवतें. आमच्या नौकेचा वेग सात. तेव्हां अवेळीं गेल्यास नौका पुढें तोंड करून मागें जाईल, हें गणित चौथीच्या मुलासहि कळेल. भरती तेथें दक्षिणेकडे व ओहोटी उत्तरेकडे वाहते. म्हणून भरती संपून पाणी थबकतें त्या वेळीं शिरावयाचें, व सुरू होणारी ओहोटी पाठीशीं घेऊन बाहेर पडावयाचें.

याच ठिकाणीं पूर्वी पाण्याच्या पोटांत रिपल रॉक नांवाचा जोडशिखरी खडक होता. एक शिखर ओहोटीच्या पाण्याखालीं अवघें नऊ फूट. सन १८७५ मध्यें सरानाक नांवाची अमेरिकन युद्धनौका त्यावर फुटली. पुढें लहानमोठ्या शंभराहून अधिक नौकांचें नुकसान झालें व निदान एकशें चौदा माणसें मेलीं. वरून भोंक पाडून तो उडवावा, तर प्रवाह तराफा जागेवर ठरूं देईना. कांहीं लोकांस तर खडक राहावा असेंच वाटत होतें, कारण बेट व मुख्य भूमि जोडणारा पूल पुढें कधीं झाला तर त्याचा खांब यावर उभारतां येईल! शेवटीं इंजिनियरांनीं शेजारच्या मॉड बेटावर सुमारें १७४ मीटर खोल विहीर खणली, तिच्या तळापासून समुद्राखालून सुमारें ७६२ मीटरांचा आडवा बोगदा नेला, व खालून वर खडकाच्या पोटांत शिरून तेथें सुमारें १,२७० टन स्फोटक दारू भरली. ५ एप्रिल १९५८ रोजीं सकाळीं ९ वाजून ३१ मिनिटांनीं ती उडविली. दगड व पाणी मिळून सहा लक्ष टनांहून अधिक वस्तुमान आकाशांत उडालें. कॅनडांतील लोकांनीं तो देखावा त्याच क्षणीं दूरचित्रवाणीवर पाहिला. आमचे यजमान त्या वेळीं तेरा वर्षांचे होते, आणि आपण इंजिनियर व्हावयाचें हें त्या सकाळीं ठरलें असें त्यांनीं सांगितलें.

आतां त्या जागीं ओहोटीच्या वेळींहि चौदा मीटर पाणी असतें. तथापि भोवरे गेले नाहींत. आम्ही नेमक्या वेळीं गेलों तरी पाण्यावर परातीएवढीं वर्तुळें फिरत होतीं व नौका मधूनमधून बाजूस ओढली जाई. मावशींचीं बोटें सुकाणूवर पांढरीं पडलीं होतीं. यजमान त्यांच्या मागें हात बांधून उभे होते. एकतीस वर्षें जें त्यांनीं स्वतः केलें त्याविषयीं त्यांनीं चकार शब्द काढला नाहीं. बाहेर पडल्यावर एवढेंच म्हणाले, “मी हिला नेहमीं फार लवकर वळवीत असें. तूं बरोबर वळविलीस.” मावशींनीं सुकाणू आमच्या हातीं देऊन चहा टाकला.

पुढें जॉन्स्टन सामुद्रधुनी लागते. तेथें रॉबसन बाइट या उपसागरांत सन १९८२ पासून ऑर्का या काळ्यापांढऱ्या जलचरांसाठीं राखीव क्षेत्र आहे. ते उथळ पाण्यांत येऊन तळच्या गोट्यांवर अंग घांसतात. नौकांनीं त्या हद्दींत शिरावयाचें नाहीं. आम्हांस दुरूनच तीन कल्ले उठतांना दिसले व श्वासाचा फुत्कार ऐकूं आला, तो पाण्यावरून कांहीं वेळानें पोंचला. मायकेल बिग नांवाच्या शास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या वर्षांत पाठीवरील कल्ल्याच्या व त्यामागील डागाच्या छायाचित्रांवरून एकेक ऑर्का ओळखावयास आरंभ केला. तोंवर ते किती आहेत हें कोणासच ठाऊक नव्हतें.

याच पाण्यांतून जॉन अँटल नांवाचा न्यूफाउंडलंडचा पाद्री सन १९०४ मध्यें आपल्या लहान मुलासह एका छोट्या होडींतून हिंडला. लांकूडतोड्यांच्या वस्त्यांवर झाड पडून, कुऱ्हाड लागून माणूस घायाळ झाला तर डॉक्टर किती दूर, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. व पुढील वर्षीं ‘कोलंबिया’ नांवाची रुग्णसेवेची नौका या किनाऱ्यावर फिरूं लागली. तिच्या मार्गांवर रुग्णालयें निघालीं. मावशींनीं ही गोष्ट अभिमानानें सांगितली. डॉक्टराची मुलगी ती. परंतु लगेच म्हणाल्या, “उद्यां दुसरी गोष्ट पाहावयाची आहे.”

दुसरे दिवशीं आम्ही कॉर्मोरंट बेटावरील अलर्ट बे या गांवीं उतरलों. हें गांव नमगीस लोकांचें. ते क्वाक्वाला भाषा बोलणाऱ्या लोकांपैकीं होत. त्यांच्यांत पॉटलॅच नांवाचा मोठा समारंभ असतो. मुलाचें नांव ठेवणें, लग्न, मृताचें स्मरण, या गोष्टी सर्वांसमक्ष व्हाव्या म्हणून यजमान पाहुण्यांस बोलावतो, मुखवटे घालून नृत्यें होतात, आणि शेवटीं यजमान आपलें धन पाहुण्यांस वांटून देतो; जो अधिक देईल तो अधिक थोर. कॅनडा सरकारास व मिशनऱ्यांस ही उधळपट्टी व रानटीपणा वाटला. सन १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅच करणें हा गुन्हा होता. १९२१ च्या डिसेंबरांत व्हिलेज आयलंड या बेटावर मोठा पॉटलॅच झाला, तेव्हां पंचेचाळीस लोकांवर आरोप ठेवण्यांत आले. ज्यांच्या मंडळीनें मुखवटे व इतर वस्तु सरकारजमा केल्या ते सुटले. कित्येक माणसें तुरुंगांत गेलीं. जप्त केलेल्या वस्तु याच गांवीं चर्चच्या सभागृहांत मांडून ठेविल्या, व मग दूरच्या संग्रहालयांत पाठविल्या. अनेक वर्षें झगडून त्या लोकांनीं त्या परत मिळविल्या. त्यांसाठीं सन १९८० मध्यें उघडलेल्या वास्तूचें नांव उमिस्टा. शत्रूनें धरून नेलेलें माणूस घरीं परत येणें, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. तेथें ते मुखवटे कांचेच्या कपाटांत ठेविलेले नाहींत. पुष्कळ वर्षें कोंडून राहिले, आतां पुरे, असें तेथील लोक म्हणतात.

त्या वास्तूला लागूनच एक मोकळी जागा आहे. तेथें सन १९२९ पासून सेंट मायकेल नांवाची विटांची प्रचंड निवासी शाळा होती. अँग्लिकन चर्च ती चालवी. आईबापांपासून मुलें दूर करून तेथें ठेवीत, व घरची भाषा बोलल्यास शिक्षा होई. शाळा १९७४ मध्यें बंद झाली. इमारत २०१५ च्या फेब्रुवारींत पाडली, तेव्हां तिच्यांत वाढलेले कित्येक वृद्ध लोक तें पाहावयास दुरून आले होते. चर्चच्या प्रमुखांनीं १९९३ मध्यें, व सरकारनें २००८ मध्यें या साऱ्या शाळांबद्दल क्षमा मागितली.

मावशींची आत्या या किनाऱ्यावरील अशाच एका शाळेंत बावीस वर्षें शिक्षिका होती. तिचीं पत्रें मावशींपाशीं आहेत; मुलांच्या आजारपणांत रात्र रात्र जागल्याचें त्यांत लिहिलें आहे. गवतावर उभ्या राहून मावशी म्हणाल्या, “माझी आत्या वाईट नव्हती. तिनें सारें आयुष्य दिलें. पण मुलांनीं तें मागितलें नव्हतें.” यजमानांनीं त्यांचा हात धरला. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

बोलणार काय? आमची पणजी सन १९०० च्या दुष्काळांत मिशनच्या वसतिगृहांत आली म्हणून जगली. तेथेंच ती वाचावयास शिकली, आणि तिच्या दारांतून आमचें घर उभें राहिलें आहे. तिला मराठींत वाचावयास शिकविलें, हें खरें. इकडे येणाऱ्या परदेशी माणसास आधीं मराठी शिकावी लागे; विल्यम कॅरीनें तर १८०५ सालींच मराठीचें व्याकरण छापिलें. हा भेद मोठा आहे, व तो आम्हीं मनांत मांडून पाहिला. परंतु त्या हिरवळीवर उभें राहून तेवढ्यानें मनाचें समाधान होईना. शाळा तीच, फळा तोच, प्रार्थनेची घंटा तीच, शिकविणारांचा हेतूहि त्यांच्या मतें चांगलाच. आणि एकीकडे माणूस उभें राहिलें, दुसरीकडे मोडलें. पालकहो, आपल्या मुलानें शाळेच्या ओसरीवर मराठी शब्द उच्चारला म्हणून दंड घेणाऱ्या शाळा आजहि आपल्या देशांत आहेत, आणि दंड भरून वर ‘बरें झालें, वळण लागेल’ म्हणणारे आईबापहि आहेत.

उमिस्टांत एक वृद्ध बाई आम्हांस मुखवटे दाखवीत होत्या. त्यांनीं आमच्या पत्नीस तुमच्या भाषेंत कांहीं बोला असें म्हटलें, तेव्हां तिनें तिथीची पाऊणपट म्हणून दाखविली व तिचा अर्थ सांगितला. त्या बाई हंसल्या व म्हणाल्या, आमची आजीहि चंद्र पाहूनच शिंपल्या गोळा करावयास निघे. मग आम्ही कोण, काय करतों, अशी चौकशी झाली. मिशन शाळेंत शिकवितों असें सांगतांना आमचा आवाज थोडा खालीं आला. त्यांनीं शांतपणें विचारलें, “तुमच्या शाळेंत मुलें घरची भाषा बोलतात का?” आम्हीं सांगितलें कीं, बोलतात, आणि शाळेच्या वार्षिक अंकांत त्या भाषेचा स्वतंत्र विभाग असतो, मुलें त्यांत लिहितात. त्या म्हणाल्या, “मग तो अंक पाठवा. मला वाचतां येणार नाहीं, पण पाहावयाचा आहे.” तेव्हां विद्यार्थ्यांनो, या अंकाची एक प्रत तिकडे जाणार आहे. मुद्रितें तपासणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.

एक जुलैला पहांटे चार वाजतां आम्ही व्हँकूव्हर बेटाचा आडोसा सोडला. येथून पुढें सात-आठ तासांची वाट उघड्या महासागराची. मधलें केप कॉशन हें भूशिर. कॉशन म्हणजे सावधगिरी. व्हँकूव्हरचें जहाज या टापूंत सन १७९२ मध्यें खडकावर चढलें होतें, त्याची आठवण ठेवून पुढील वर्षीं त्यानें हें नांव दिलें. समुद्र शांत होता, पण लांब, संथ लाटा पश्चिमेकडून येत, आणि नौका डोंगर चढल्याप्रमाणें त्यांवर चढे व उतरे. सात वाजण्याच्या सुमारास धुकें आलें. तें आलें असें कळलेंच नाहीं. नाळेचें टोंक दिसेनासें झालें तेव्हां कळलें.

रडारचा पडदा होता, नकाशा होता. मावशी पडद्यावरून डोळे काढीत नव्हत्या. यजमानांनीं अंगांत कोट चढविला व ते नाळेवर जाऊन बसले. आमची पत्नी त्यांच्याजवळ. आम्ही दारांत उभे राहून निरोप पोंचवीत होतों. यजमान मान थोडी वांकडी करून ऐकत होते. “उजवीकडे लाट फुटते आहे, दूर आहे,” ते सांगत. कांहीं वेळानें, “आवाज मागें पडला.” पुढें, “आतां उजवीकडे पुन्हां, मघांपेक्षां जवळ.” मावशी पडद्यावर पाहून मान हलवीत व नौका थोडी बाहेर काढीत. दोन तास असें चाललें. त्या धुक्यांत आमचे दोन चांगले डोळे व त्यांचे दोन मंद डोळे यांची किंमत सारखीच होती, आणि कान त्यांचे आमच्याहून पुष्कळ चांगले.

एकाएकीं पत्नी ओरडली, “ओंडका! समोर ओंडका!” तिकडे तोडलेलीं झाडें समुद्रांतून वाहून नेतात, त्यांतील कांहीं सुटतात, भिजून जड होतात, आणि उभीं तरंगतात. पाण्यावर फक्त वीतभर टोंक. पंख्यास लागलें तर नौका लंगडी होते. मावशींनीं सुकाणू फिरविलें व यंत्र बंद केलें, आणि त्यांच्या तोंडून स्वच्छ मराठींत निघालें, “पडशील, पडशील!” ओंडका नौकेच्या कडेनें, हात लांबविला असता तर लागला असता इतक्या अंतरावरून, वर-खालीं डोलत निघून गेला. त्यावर एक समुद्रपक्षी बसला होता. त्यानें आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं.

दुपारीं आम्ही फिट्झ ह्यू साउंडमध्यें शिरलों. पाणी पुन्हां सपाट झालें, धुकें विरलें, सीडरचीं झाडें पाण्यापर्यंत उतरलेलीं दिसूं लागलीं. तीन तारखेस पौर्णिमा. त्या रात्रीं पत्नीनें कंदील घेऊन काठी रोंवली. उधाणाचें पाणी काठीच्या टोंकावरून गेलें, व तिला सकाळीं नवी लांब काठी तोडावी लागली. तिच्या वहींत आतां सहा बंदरांचे सहा आंकडे झाले होते. यजमानांनीं ते सर्व तिजकडून पाठ म्हणवून घेतले, व स्वतःहि पाठ केले.

बेला बेला या गांवीं आम्ही उतरलों. तेथून लहान विमानानें परत यावयाचें होतें. ते दोघें पुढें उत्तरेस जाणार. दोर धरावयास त्यांचा नातू तेथें येऊन थांबला होता. पत्नीनें काठी व वहींतील तें पान यजमानांस दिलें. मावशींनीं उरलेलीं आमसुलें मागून घेतलीं. ओहोटी लागल्याबरोबर त्यांनीं नौका सोडली. मावशी सुकाणूवर होत्या. यजमान नाळेवर उभे राहून, खालीं न पाहतां, हातांच्या अंदाजानें दोराचें वेटोळें घालीत होते. नौका बेटाआड गेली तेव्हां आमच्या विमानास अजून तीन तास अवकाश होता, म्हणून आम्ही धक्क्यावरच बसून राहिलों.